केव्हीएमचं ॲडमिन सेटिंग: रात्री महापेला धाव घ्यायला लावणाऱ्या चुका

ऑफिस वागळे इस्टेटला आणि सर्व्हर महापेच्या डेटा सेंटरमध्ये, हा प्रकार ठाण्यात आता सर्रास आहे. महापेला स्टेशन नाही. ट्रान्स-हार्बरने घणसोलीला किंवा कोपरखैरणेला उतरायचं आणि पुढे रिक्षा. शेवटची लोकल गेली असेल तर ठाणे-बेलापूर रस्त्याने गाडी काढायची, गेटवर परवानगीचा मेल दाखवत उभं राहायचं. हे टळावं म्हणूनच नेटवर्कवरून चालणारा केव्हीएम (कीबोर्ड, व्हिडिओ, माउस) स्विच घेतात. सर्व्हर बायोसमध्येच, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या टप्प्यात, अडकला असला तरी त्याचा स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस घरबसल्या हाताशी येतो. त्यामुळे त्याचं सेटिंग करताना दर पर्यायाला एकच प्रश्न विचारायचा: बाकी सगळं झोपलेलं असताना मी यातून आत जाऊ शकेन का?

या प्रश्नावर पहिली नापास होते ती आयपी फिल्टरची खिडकी, म्हणजे कोणत्या नेटवर्क पत्त्यांना आत सोडायचं ते ठरवणारी. ‘फक्त यादीतल्या पत्त्यांना प्रवेश’ हा पर्याय निवडायचा आणि स्वतःचा पत्ता टाकण्याआधीच सेव्ह दाबायचं. पुढचं पान उघडतच नाही. पत्ता टाकला तरी घरच्या ब्रॉडबँडचा असेल तर तो कधीही बदलतो. यादीत व्हीपीएनची (ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या सुरक्षित वाटेची) पत्त्यांची रेंज टाका आणि डेटा सेंटरच्या आतला एखादा स्थिर पत्ताही ठेवा. सेव्ह केल्यावर लगेच लॉगआउट करू नका. चालू सेशन तसंच ठेवून दुसऱ्या मशीनवरून आत जाता येतं का ते आधी बघा.

दुसरी चूक मोठ्या ऑफिसांत जास्त दिसते. सगळे युजर ॲक्टिव्ह डिरेक्टरीला, म्हणजे ऑफिसभरच्या लॉगिनच्या सामाईक यादीला, जोडले जातात आणि ‘सुरक्षेसाठी’ लोकल ॲडमिन (केव्हीएमचं स्वतःचं खातं) बंद केला जातो. मग एका रात्री ती यादी सांभाळणारा सर्व्हर, डोमेन कंट्रोलरच, अडकतो. त्याला रीस्टार्ट करायला केव्हीएम हवा, आणि केव्हीएम म्हणतो, आधी डोमेन कंट्रोलरला विचारून येतो! एक लोकल ॲडमिन ठेवाच: नाव वेगळं, पासवर्ड लांब आणि तो किमान दोघांच्या आवाक्यात. चुकीच्या पासवर्डनंतर खातं लॉक होण्याची सोय चालू असेल तर ते ठरावीक वेळाने आपोआप उघडेल असंही पाहा. नाहीतर बाहेरचा कोणीही मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाकून तुमचाच ॲडमिन कुलूपबंद करेल.

हीच गोष्ट पत्त्याची. पत्ते आपोआप वाटणारा डीएचसीपी सर्व्हर त्याच रॅकमध्ये असेल तर वीज जाऊन आल्यावर केव्हीएमला पत्ता मिळेलच असं नाही. स्थिर पत्ता द्या. तरीही स्विच सापडत नसेल तर कारखान्यातून आलेला मूळ पत्ता आठवा. डीएचसीपी न मिळाल्यास एटेन कंपनीची अनेक मॉडेल १९२.१६८.०.६० वर येतात. लॅपटॉपला त्याच रेंजमधला पत्ता देऊन थेट केबल जोडली की लॉगिनचं पान उघडतं.

‘कुठूनही आत जाता यावं’ म्हणून राउटरवर ४४३ पोर्ट थेट इंटरनेटला उघडणं मात्र वेडेपणा आहे. केव्हीएमच्या आत शिरलेला माणूस रॅकसमोर उभा असल्यासारखाच असतो. पोर्टचा क्रमांक बदलून काही लपत नाही, व्हीपीएनच हवं. पायकेव्हीएम (रास्पबेरी पायवर चालणारा केव्हीएम) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की वेबचा ॲडमिन आणि एसएसएचचा (कमांडने आत शिरायच्या वाटेचा) रूट यांचे पासवर्ड वेगळे असतात. पहिला बदलून लोक निश्चिंत होतात आणि दुसरा, कारखान्यातून आलेला ‘रूट’ हाच पासवर्ड, तसाच राहतो.

याहून शांतपणे घडणारी चूक म्हणजे केव्हीएममधून बाहेर पडताना सर्व्हरवरचं विंडोज लॉक न करणं. तुमचं सेशन संपतं, ॲडमिनिस्ट्रेटरचा डेस्कटॉप मात्र उघडाच राहतो आणि त्या पोर्टवर येणाऱ्या पुढच्या माणसाला आयता मिळतो. केव्हीएमचा टाइमआउट इथे उपयोगाचा नाही. स्क्रीन लॉक सर्व्हरवरच लावा.

स्विचच्या घड्याळाकडे कोणी बघत नाही. आतला सेल संपला की वीज गेल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते, सर्टिफिकेट ‘अजून लागू नाही’ ठरतं आणि एलडॅपचं (ॲक्टिव्ह डिरेक्टरीला विचारून होणारं) सुरक्षित लॉगिन अडतं. टाइमझोन राहिला तर नोंदी साडेपाच तास मागे दिसतात. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या, किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या, एनटीपी (वेळ पुरवणाऱ्या) सर्व्हरशी जुळलेली हवीत आणि लॉग १८० दिवस जपायचे आहेत. स्विचच्या आतली जागा तेवढी पुरेल याची खात्री नसते, म्हणून ते सिसलॉग सर्व्हरवर (नोंदी जमा करणाऱ्या वेगळ्या मशीनवर) पाठवा.

फर्मवेअर (स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलण्याआधी कॉन्फिगरेशनचा बॅकअप घ्या आणि स्विच यूपीएसवर आहे ना ते पाहा, विशेषतः सर्व्हर ऑफिसातच असतील आणि पावसाळा असेल तर. सर्व्हरच्या मागे लावलेल्या ॲडॅप्टरचं फर्मवेअरही त्याला जुळणारं लागतं. त्या ॲडॅप्टरची केबल नेटवर्क केबलसारखीच दिसते, पण ती इथरनेट स्विचमध्ये खोचायची नसते.

जुना स्विच जावा मागत असेल तर ब्राउझरशी भांडू नका. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये जावाचं प्लगइन काढून टाकलं. नवं फर्मवेअर मिळत नसेल तर फक्त केव्हीएमपुरतं पोहोचणारं एक जुनं व्हर्च्युअल मशीन बाजूला ठेवा. आणि माउसचा बाण दोन ठिकाणी दिसत असेल तर केव्हीएममध्ये ॲब्सोल्यूट माउस मोड निवडा. तो नसेल तर सर्व्हरच्या विंडोजमध्ये ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ची खूण काढा.