‘बोर्डिंगला टाका’ म्हणण्यापूर्वी: मूल घरातच राहावे यासाठीची कार्यपद्धती

ग्रामीण महाराष्ट्रात एखादी विधवा आई किंवा थकलेली आजी शाळेत येते आणि म्हणते, “मास्तर, हिला कुठं बोर्डिंगला टाकता येतं का बघा.” ऐकणारा शिक्षक असो, अंगणवाडी सेविका असो की ग्रामपंचायत सदस्य, तो लगेच ओळखीच्या बालगृहाचा नंबर शोधू लागतो. हेतू चांगला असतो. क्रम मात्र उलटा होतो. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या कलम ३ मध्ये मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानलेला आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ साली स्वीकारलेली पर्यायी संगोपनाविषयीची मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात की केवळ गरिबीपोटी मूल घरापासून तोडता कामा नये. शेवटच्या उपायाआधीचे उपाय कोणते आणि ते कोणाकडे, कोणत्या क्रमाने मागायचे, हे पुढे दिले आहे.

प्रथम एक गोष्ट निश्चित करून घ्यावी. मुलाला घरात मारहाण होत असेल, लैंगिक अत्याचाराची शंका असेल किंवा अल्पवयीन मुलीचे लग्न ठरवले जात असेल, तर पुढील पद्धत त्या घरासाठी नाही. तेथे तत्काळ १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवावे. लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न देणे हा पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे ‘घरातली गोष्ट घरात मिटवा’ हा सल्ला सल्लागाराच्याही अंगाशी येतो. मात्र स्वतःहून बोर्डिंग मागायला येणारे घर सहसा क्रूर नसते. ते खचलेले असते, आणि येथे विचार त्याच घराचा केला आहे.

पहिल्या भेटीत अर्ज भरायला घेऊ नये. एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर मुलाचा दिवस लिहावा: सकाळी कोण उठवते, भाकरी कोण करते, शाळा सुटल्यावर ते कोणाकडे असते, रात्री त्याच्या शेजारी कोण झोपते, ताप आला तर दवाखान्यात कोण नेते. घर चोवीस तास मोडलेले नसते. ते दिवसाच्या एखाद्या ठरावीक वेळी मोडते, आणि ती वेळ सापडली की कोणती सेवा मागायची हे आपोआप कळते. मराठवाड्यातील एका गावात नऊ वर्षांच्या नातीला घेऊन आलेल्या आजीचे उदाहरण मला यासाठी नेहमी आठवते. मुलीचे आईवडील मुकादमाकडून उचल (आगाऊ मजुरी) घेऊन दिवाळीनंतर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेले होते, आणि अडचण पैशाचीच असणार असे आम्ही सर्वांनी धरून चाललो होतो. दिवस लिहिता लिहिता संध्याकाळी सातच्या ओळीशी आजी थांबली. “दिवसा भागतंय. अंधार पडला की मला काईच दिसंना. चूल हीच पेटवती. पदर पेटला तर?” तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शासकीय रुग्णालयात मोफत होते, आणि संध्याकाळच्या जेवणासाठी समग्र शिक्षा अभियानातील हंगामी वसतिगृहाची सोय होती. हे वसतिगृह गावातल्या शाळेतच चालते आणि ऊसतोडीला गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या मुलांना सांभाळते. मुलगी आजीजवळच राहिली. बालगृहाची चौकशी करण्यात आमचे चार दिवस गेले होते; आजीच्या डोळ्यांविषयी मात्र आम्ही कोणीच विचारले नव्हते. हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीने हंगाम सुरू होण्याआधीच करावी लागते, कारण कोयता गेल्यावर धावपळ करून फारसे साधत नाही.

पैशाच्या मदतीचे मुख्य मार्ग दोन आहेत, आणि लोकांच्या बोलण्यात त्यांची नेहमी सरमिसळ होते. राज्य शासनाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून प्रत्येक पात्र बालकामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वातून, ज्याला कार्यालयात सगळे स्पॉन्सरशिपच म्हणतात, दरमहा ४,००० रुपये मिळतात, पण तेथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये आहे. कायद्याच्या कलम ४५ मध्ये प्रायोजकत्वासाठी विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता आईची मुले, नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुले, जीवघेण्या आजाराने ग्रासलेल्या पालकांची मुले आणि अपघातामुळे मुलांना सांभाळण्यास असमर्थ झालेल्या पालकांची मुले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दोन्ही रकमा एकाच मुलाला एकाच वेळी मिळतील असे गृहीत धरू नये. घराला कोणती लागू पडते हे जिल्हा बाल संरक्षण कक्षातील संस्थाबाह्य काळजी (मूल संस्थेबाहेर, कुटुंबात ठेवूनची काळजी) पाहणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याला विचारूनच ठरवावे. याशिवाय विधवा आईसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दरमहा १,५०० रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालील घरातील कमावती व्यक्ती गेली असल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतील एकरकमी २०,००० रुपये, हे अर्ज तहसील कार्यालयात स्वतंत्रपणे करावे लागतात.

कागदपत्रांची यादी कार्यालयातून लेखी घ्यावी. बहुधा आई किंवा पालक आणि मूल यांचे आधार, रेशन कार्ड, शाळेचे बोनाफाईड, मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे पासबुक लागते. या यादीपेक्षा तिच्यातील नावे अधिक दगा देतात. आधारवर ‘सुमन’ आणि रेशन कार्डवर ‘सुमनबाई’ असले की अर्ज बाजूला पडतो. म्हणून सर्व कागद एका चटईवर ओळीने मांडून प्रत्येक नाव, जन्मतारीख आणि आडनाव मोठ्याने वाचून घ्यावे. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर मंजूर झालेली रक्कमही जमा होत नाही. बालसंगोपनासाठी अनेक ठिकाणी मूल व पालक यांचा घरासमोर उभे राहून काढलेला फोटो मागतात. एका आईने त्यासाठी शेजारच्या स्लॅबच्या घरासमोर फोटो काढला होता, कारण स्वतःच्या पत्र्याच्या घराची तिला लाज वाटत होती. मग गृहचौकशीला आलेल्या कार्यकर्त्याने साहजिकच विचारले की हे घर कोणाचे. हा फोटो कशासाठी लागतो, हे आधीच समजावून सांगितले असते तर तिच्यावर ती वेळ आली नसती.

गृहचौकशीला येणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्याला घर आवरून दाखवण्याची गरज नसते. मुलाचा दिवस लिहिलेला तो कागद त्याच्या हाती द्यावा, घर कोणत्या वेळी अडते हे सांगावे, आणि कोण मदत करू शकते तेही सांगावे: पलीकडच्या आळीतला मामा, दुपारी घरी असणारी काकू, संध्याकाळी मुलाला आपल्या मुलांसोबत अभ्यासाला बसवणारी शेजारीण. आपल्याकडे सोयरेधायरे हीच सर्वांत जुनी बालसंरक्षण यंत्रणा आहे, परंतु ‘मामा बघेल’ एवढे अहवालात लिहून काही होत नाही. मामा कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती महिने बघेल, हे त्याच्या तोंडून त्याच्यासमोर लिहून घ्यावे.

आता पुराव्याविषयी, कारण कोणत्या सेवेने खरोखर फरक पडतो याची तपासणी झालेली आहे. रुमानियातील बुखारेस्ट येथे या शतकाच्या प्रारंभी संस्थांमधील १३६ लहान मुलांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला प्रतिपालक, म्हणजे दुसऱ्याचे मूल आपल्या घरी सांभाळणाऱ्या, कुटुंबांत ठेवले गेले आणि दुसऱ्याला नेहमीचीच काळजी मिळत राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धीची वाढ आणि माणसांशी जडणारे नाते या दोन्ही बाबी अधिक चांगल्या आढळल्या. ही तुलना परक्या कुटुंबाशी होती, स्वतःच्या घराशी नव्हे, हे ध्यानात ठेवून मगच तिचा दाखला द्यावा. घर सावरण्याच्या सेवेचे उदाहरण अमेरिकेत सापडते. वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा येथे १९७४ साली सुरू झालेल्या ‘होमबिल्डर्स’ या सेवेत एका कार्यकर्त्याकडे एका वेळी साधारण दोनच कुटुंबे असतात. तो चोवीस तासांच्या आत घरी पोहोचतो, चार ते सहा आठवडे वारंवार घरीच येतो आणि अडीअडचणीला रात्रीही उपलब्ध असतो. २०१८ च्या एका कायद्याने तेथे मूल सरकारी ताब्यात जाण्यापूर्वीच, परिणाम तपासलेल्या अशा सेवांवर केंद्राचा निधी खर्च करण्याची मुभा दिली. आपल्याकडील क्षेत्रीय कार्यकर्त्याला दोन कुटुंबांवर थांबणे परवडणार नाही, हे उघड आहे. पण गावातील एका शिक्षिकेला किंवा आशा सेविकेला एका घरासाठी सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा जाणे शक्य असते, आणि मंजुरीची वाट पाहण्याच्या नेमक्या त्याच काळात घर मोडण्याचा धोका सर्वाधिक असतो.

पालकत्वाच्या प्रशिक्षणाचा पुरावाही भक्कम आहे. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात ४० वस्त्यांमधील ५५२ कुटुंबांवर झालेल्या चाचणीत, किशोरवयीन मुले आणि त्यांचे पालक यांनी एकत्र बसून केलेल्या १४ सत्रांनंतर मुलांना होणारी मारहाण आणि शिवीगाळ कमी झाल्याचे दिसले. सत्रे घेणारी माणसे मानसशास्त्रज्ञ नव्हती. ती प्रशिक्षण घेतलेली स्थानिक माणसे होती. कौतुक कसे करावे, राग आल्यावर काय करावे आणि घरखर्चाचा हिशेब मुलासमोर कसा मांडावा, असे विषय सरावाने शिकवले गेले. आपल्या पालकसभांत भाषण होते, सराव होत नाही. त्याऐवजी आईला मुलासोबत रोज पंधरा मिनिटे काम बाजूला ठेवून बसण्यास सांगावे आणि पुढच्या भेटीत ‘जमले का’ असे न विचारता ‘काल काय केले’ असे विचारावे.

दारूने घर पोखरले असेल तर केवळ रक्कम देऊन भागत नाही. व्यसनमुक्ती उपचाराचा विचार स्वतंत्रपणे करावा; पुण्यातील मुक्तांगण हे केंद्र १९८६ पासून हे काम करीत आहे, आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडेही जाता येते. आईला नैराश्य असेल, ती ‘माझ्याच्याने होत नाही’ असे वारंवार म्हणत असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. सासरचे लोक तिला घराबाहेर काढू पाहत असतील, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळतो. काही वेळा मुलाचे घर टिकवण्यासाठी आधी आईचे घर टिकवावे लागते.

प्रकरण बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील समितीपुढे, गेले, तर घाबरून जाऊ नये. अध्यक्ष आणि चार सदस्य असलेली ही समिती न्यायपीठाचे अधिकार असलेली असली, तरी तिचे काम पालकांना शिक्षा करण्याचे नाही. आईने ‘ठेवून घ्या’ असे म्हणण्याऐवजी ‘मूल माझ्याजवळ राहावे, त्यासाठी मला ही मदत हवी’ असे म्हणावे आणि तयार केलेला कागद पुढे ठेवावा. सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण करावी असे कायदा सांगतो. कोणी आईपुढे मूल कायमचे समर्पित करण्याचा, म्हणजे मुलावरचा हक्क सोडून देण्याचा, कागद करीत असेल, तर सही केल्यानंतरही फेरविचारासाठी दोन महिने मिळतात हे तिला स्पष्ट शब्दांत सांगावे.

मूल आधीच बालगृहात असेल, तरी मार्ग बंद होत नाही. प्रायोजकत्व संस्थेतून घरी परतणाऱ्या मुलालाही मिळू शकते. आईने समितीकडे मुलाचा ताबा मागणारा साधा लेखी अर्ज करावा, भेटीच्या दिवशी न चुकता जावे आणि सुटीत मुलाला घरी नेण्याची परवानगी मागावी, म्हणजे परतणे दोघांनाही एकदम जड जात नाही. परतीचा आदेश निघेल त्याच दिवशी संस्थेजवळच्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला मागून घ्यावा. तो राहून गेला की गावच्या शाळेतला प्रवेश रखडतो, मूल दिवसभर घरी बसते, आणि त्या रिकाम्या दुपारी आईला पुन्हा बोर्डिंग आठवते.