मंजुरीविरुद्ध जायचंय? आधी कागद दाखवा

माझ्याकडे गावकरी येतात ते मोबाइल पुढे करतच येतात. डोंगर आधीचा, डोंगर आताचा. मी चष्मा लावून सगळे फोटो बघते आणि मग विचारते, "पर्यावरण मंजुरीचा कागद कुठाय?" तिथे चौघेही एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

पुण्यात हरित लवादापुढे, म्हणजे पर्यावरणाचे तंटे ऐकणाऱ्या खास न्यायपीठापुढे, वकील म्हणून उभी राहून एवढं कळलंय की डोंगर गेला म्हणून मंजुरी जात नाही. निर्णय घेणाऱ्याला तो अधिकार होता का, ठरलेल्या पायऱ्या पाळल्या का, माहिती दडवली का, कारणं दिली का, हे तपासलं जातं. लवाद तज्ज्ञांचा असल्यामुळे प्रकल्पाच्या अहवालातल्या शास्त्रातही शिरतो, पण तेही कागदावरूनच.

म्हणून कागद हातात आला की पहिल्यांदा तो आहे काय ते ओळखा. एकाच खाणीला, कारखान्याला किंवा बंदराला दिलेली पर्यावरण मंजुरी असेल तर अपील लवादाकडे. पण राजपत्रातली अधिसूचना असेल, म्हणजे नियमच बदलला असेल, तर लवाद तो रद्द करू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. तेव्हा उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करायची. एकाच अर्जात ‘मंजुरीही रद्द करा, अधिसूचनाही रद्द करा’ असं लिहून आणणारे खूप भेटतात. समोरचा वकील त्यावरच पहिल्या दोन तारखा खातो. आणखी एक फसगत म्हणजे लवाद ज्या कायद्यांखालचे तंटे ऐकतो त्या यादीत वन्यजीव संरक्षण कायदा नाही. नुसत्या बिबट्याच्या जोरावर तिथे जाऊ नका.

आता तारीख. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे मी स्वतः आपटलेय. अपिलाला ३० दिवस. सबळ कारण दिलंत तर पुढचे ६० दिवस विलंब माफ होऊ शकतो. एक्याण्णवाव्या दिवशी काही नाही, कितीही रडा. प्रश्न असतो तो मोजायला कधीपासून लागायचं याचा. वकिलीच्या सुरुवातीला मी एका गावासाठी, माहिती अधिकारात प्रत मिळाली त्या दिवसापासून मोजलं. समोरच्यांनी स्थानिक वृत्तपत्रातली जाहिरात काढून ठेवली, बोटभर रुंदीची, तीन महिन्यांहून जुनी. खाणीबद्दल एक शब्द न बोलता प्रकरण दहा मिनिटांत संपलं. नंतर त्या गावातल्या एका काकूंच्या स्वयंपाकघरात, फडताळात डब्यांखाली, तोच अंक अंथरलेला सापडला. वृत्तपत्रातली जाहिरात, ग्रामपंचायतीत लावलेली प्रत, परिवेश या मंजुऱ्यांच्या सरकारी पोर्टलवर चढवलेलं पत्र, यातलं जे आधी, तिथून मोजा. जनसुनावणी झालेल्या प्रकल्पाचं पोर्टलवरचं पान दर आठवड्याला उघडायला गावातल्या एका मुलाला सांगून ठेवा.

मग कागद गोळा करायचे: प्रकल्पवाल्याने भरलेला अर्ज, आघात मूल्यांकन अहवाल (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते सांगणारा), जनसुनावणीचं इतिवृत्त, तज्ज्ञ समितीच्या बैठकीचं इतिवृत्त आणि शेवटचं मंजुरीपत्र. पेन्सिल घेऊन वाचा. अहवालात तुमच्या ओढ्याचं नाव आहे की दुसऱ्या जिल्ह्यातल्या नदीचं? (हसू नका, नक्कल करताना असं होतं.) जनसुनावणीत तुम्ही विहिरींचं विचारलंत, त्याला अहवालात उत्तर आहे का? समितीने चर्चा केली की एका ओळीत शिफारस केली? अर्जात आसपासची संवेदनशील ठिकाणं विचारलेली असतात, तो तक्ता तर नकाशा शेजारी ठेवूनच वाचा. गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये मंजुरी स्थगित केली, ती असल्याच तक्त्यावरून. जंगलं आणि हद्दीपलीकडची सिंधुदुर्गातली संवेदनशील क्षेत्रं नीट सांगितलीच नव्हती. अर्थात जानेवारी २०२० मध्ये अटी वाढवून स्थगिती उठलीही. जिंकलं म्हणजे प्रकल्प गेला असं धरून चालू नका.

अधिसूचनेविरुद्ध जाणार असाल तर तयारी मसुद्यापासूनच हवी. पर्यावरण संरक्षण नियमांप्रमाणे मसुदा काढून ६० दिवस हरकती घ्यायच्या असतात. सार्वजनिक हिताचं कारण असेल तरच ही पायरी सोडता येते. २८ मार्च २०२० रोजी, टाळेबंदी नुकतीच लागलेली असताना, रस्ते आणि पाइपलाइनसारख्या कामांसाठी माती काढायला मंजुरीची गरज काढून टाकली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ती सूट रद्द केली. हरकती का घेतल्या नाहीत, याचं कारण सरकारला दाखवता आलं नाही. किती माती, कुठली माती, हेही मोघमच होतं. तुम्ही हरकत पाठवाल तेव्हा पोचपावती जपा. पुढे ‘आम्ही सांगितलं होतं’ हे तिच्याशिवाय सिद्ध होत नाही.

अर्ज लिहिणं वकिलावर सोडा, पण तारखांची यादी तुम्हीच करा. गावाला जे आठवतं ते मला सुचणार नाही. नुकसानभरपाई मागत नसाल तर लवादाची फी १,००० रुपये. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, त्याचा खर्च फीपेक्षा जास्त येतो. अपील दाखल झालं म्हणून जेसीबी थांबत नाही, स्थगितीचा अर्ज वेगळा द्या आणि आधी त्याचीच सुनावणी मागा. लवादाचा निकाल विरुद्ध गेला तर सर्वोच्च न्यायालयात जायला ९० दिवस असतात.

जुन्या निकालाचं कात्रण घेऊन मात्र येऊ नका. काम आधी आणि मंजुरी मागून, हे चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ठणकावलं आणि नोव्हेंबरमध्ये दोन विरुद्ध एक मतांनी तो निकाल परत घेतला. आज काय लागू आहे ते वकिलाला बघू द्या.

आणि हो, फोटो आणाच. फक्त मोबाइलमध्ये नको, छापून आणा. प्रत्येकाच्या मागे तारीख, गट नंबर आणि काढणाऱ्याचं नाव.