ऑपरेटिंग सिस्टिमचा सोर्स ग्राहकांना खुला करताय? या चुका टाळा

महापे, रबाळे, वागळे इस्टेट या पट्ट्यात कंट्रोलर, मीटर, डेटा लॉगर बनवणाऱ्या कितीतरी कंपन्यांकडे स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम असते. वर्षानुवर्षं तिचा सोर्स, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ कोड, कुलपात असतो. मग एखादा मोठा ग्राहक म्हणतो, "शेड्युलर (कुठलं काम कधी चालवायचं ते ठरवणारा भाग) आतून कसा चालतो ते आमच्या पोरांना बघू द्या, डिबग करताना अडतंय." आठवड्याभरात मीटिंग होते आणि ठरतं की वापरणाऱ्या सगळ्यांनाच सोर्स द्यायचा. निर्णय चांगला आहे आणि मी त्याच बाजूची आहे. सोर्स हाताशी असलेला ग्राहक बऱ्याच तक्रारी स्वतःच सोडवतो आणि उरलेल्या फाइलचं नाव, ओळीचा नंबर देऊन पाठवतो. पण ठरल्यापासून अपलोड होईपर्यंत जी घाई चालते, तिच्यात तेच ते घोळ होताना पाहून आता गप्प बसवत नाही.

जुनी रेपो जशीच्या तशी उघडणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. रेपो म्हणजे कोड आणि त्यातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा साठा; अशा एका नोंदीला कमिट म्हणतात. लोक शेवटच्या कमिटमधून पासवर्ड, गुप्त की (किल्ल्या), अंतर्गत सर्व्हरचे पत्ते काढतात, "सफाई" असा मेसेज टाकतात आणि रेपो खुली करतात. या नोंदी ठेवणारं गिट काहीही विसरत नाही. आज डिलीट केलेली फाइल कालच्या कमिटमध्ये पूर्णच्या पूर्ण असते, आणि ती काढायला एखाद्या नवशिक्यालाही फार वेळ लागत नाही.

नवी मुंबईतल्या एका कंपनीत मी सल्लागार म्हणून जायचे. त्यांनी हेच केलं. मी आधी इतिहास तपासू म्हटलं, तर उत्तर आलं, "मॅडम, सोमवारी ग्राहकासमोर डेमो आहे, नंतर बघू." डेमो झाला. काही दिवसांनी ऐरोलीहून एका ग्राहकाच्या इंजिनिअरचा फोन आला: "तुमच्या जुन्या कमिटमध्ये फर्मवेअर सायनिंगची प्रायव्हेट की दिसतेय. काढून घ्या, मी कुणाला सांगितलेलं नाही." भला माणूस होता. पण तोवर रेपो कितीजणांनी उतरवून घेतली होती, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

ती की हातात असलेला कुणीही स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, कंपनीचं अस्सल म्हणून साइन करू शकत होता, आणि कंट्रोलर ते मुकाट्याने चालवणार होता. तिच्या जोडीची, सही तपासणारी पब्लिक की बूटलोडरमध्ये (यंत्र सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) बसवलेली, आणि बूटलोडर नेटवर्कवरून बदलता येत नव्हता. म्हणजे प्रत्येक युनिटपाशी माणूस जायला हवा. टेक्निशियन लॅपटॉप आणि जेटॅग प्रोब (चिपला थेट जोडून कोड भरायचं साधन) घेऊन तळोजा, पावणे, अंबरनाथ असे फिरत राहिले. केमिकल प्लांटमध्ये पॅनल उघडायचं तर वर्क परमिट लागतं, आणि चालू लाइन तुमच्यासाठी कुणी थांबवत नाही. पुढच्या शटडाउनची वाट बघावी लागते. तोपर्यंत ते युनिट जुन्या, उघड्या पडलेल्या कीवर चालत राहिलं. दरम्यान कंपनीत कुणीतरी सुचवलं, "इतिहास रीराइट करून टाकू." जरूर टाका, पण लोकांच्या मशीनवर गेलेल्या प्रती त्याने परत येत नाहीत. बाहेर गेलेली की फुटलीच असं धरून आधी ती बदलायची, मग बाकीचं.

माझी पद्धत हळू आहे आणि तरुण मंडळी तिला कंटाळतात. जुनी रेपो साफ करायच्या फंदात मी पडतच नाही. नवी रिकामी रेपो घेते आणि तिच्यात एकेक डिरेक्टरी, वाचून, आणते. हो, वाचून. सिक्रेट शोधणारी टूल्स मी चालवते, पण फक्त त्यांच्यावर विसंबत नाही. ग्राहकाचं नाव घालून लिहिलेली शिवीगाळ, चिप बनवणाऱ्याच्या गोपनीय डेटाशीटमधून उचललेला रजिस्टरचा तक्ता, "हा फिक्स अमक्याच्या प्लांटसाठी" अशी टीप, या गोष्टी कुठलंही टूल पकडत नाही. इतिहास हवाच असेल तर तो पहिल्या खुल्या आवृत्तीपासून सुरू होऊ दे. कमिटचा इतिहास गेला म्हणून एकाही ग्राहकाने माझ्याकडे तक्रार केलेली नाही.

आपला नसलेला कोड आपला समजणे

भारतात सॉफ्टवेअरला 1957 चा कॉपीराइट कायदा लागू होतो. पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, कंपनीचा. बाहेरच्या फ्रीलान्सरने लिहिलेला ड्रायव्हर (एखादं हार्डवेअर चालवणारा कोड) मात्र बिल चुकतं केलं म्हणून तुमचा होत नाही. हक्क तुमच्याकडे यायला सहीचा लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ठाण्यातल्या छोट्या कंपन्यांमध्ये असे करार मी पाहिलेत: एका पानाची पर्चेस ऑर्डर, त्यावर रक्कम आणि "ड्रायव्हर डेव्हलपमेंट". एवढ्यावर जगभर सोर्स वाटायला निघतात.

मोठ्यांनाही हे सुटलेलं नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने 2005 मध्ये ओपनसोलारिस ही ऑपरेटिंग सिस्टिम खुली केली तेव्हा काही भाग तिसऱ्याच्या हक्कांमुळे सोर्सच्या रूपात देताच आले नाहीत, ते फक्त बायनरी (यंत्राला चालवता येणारा, पण माणसाला वाचता न येणारा तयार कोड) म्हणून गेले. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर, तिच्यात दुसऱ्याचा कोड असल्यावरून, 1992 मध्ये खटला झाला. 1994 मध्ये तडजोड झाली तेव्हा सुमारे 18,000 फाइल्समधल्या 3 काढाव्या लागल्या आणि सुमारे 70 फाइल्सवर कॉपीराइटची ओळ चढवावी लागली. तीन फाइल्ससाठी दोन वर्षं अख्ख्या सिस्टिमवर टांगती तलवार होती. म्हणून प्रत्येक फाइलच्या डोक्यावर मालक आणि लायसन्सची ओळ असल्याशिवाय मी ती पुढे सरकवत नाही. ती कुणाची हे तासाभरात कळत नसेल तर फाइल बाहेर ठेवते आणि तिच्या जागी बायनरी देते.

दुसऱ्याच्या फाइलवरची कॉपीराइटची ओळ "घाण दिसते" म्हणून पुसू नका.

कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) जीपीएलचा (बायनरी वाटली की सोर्सही द्यायला लावणाऱ्या लायसन्सचा) कोड मिसळलेला असेल तर तो खुला करण्याआधी शोधा. बायनरी आजवर विकत आला असाल, तर मूळ सोर्स देण्याचं बंधन तेव्हापासूनच लागू झालेलं आहे. आधी वकिलाकडे जा.

"बघा" म्हणणे, पण काय करता येईल ते न सांगणे

ही माझी दुसरी डोकेदुखी. सोर्स दिसतो म्हणजे तो ओपन सोर्स होत नाही. वाचायची परवानगी वेगळी, बदलायची वेगळी, बदललेलं स्वतःच्या यंत्रावर चालवायची वेगळी आणि पुढे वाटायची तर अगदीच वेगळी. लायसन्सची फाइल नसेल तर ग्राहकाला यातलं काहीच मिळालेलं नसतं, आणि त्याला मात्र वाटतं सगळंच मिळालं. मोठ्या लायसन्समधून चार कलमं उचलून स्वतःचं लायसन्स शिवणाऱ्यांबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही. पूर्ण खुलं करायचं तर एमआयटी, अपाचे यांसारखं लोकांना माहीत असलेलं लायसन्स घ्या. तेवढं नको असेल तर पहिल्याच परिच्छेदात साध्या भाषेत लिहा: वाचू शकता, आपल्या यंत्रासाठी बदलू शकता, वाटू शकत नाही.

वाचणाऱ्याचाही विचार करा. 2004 मध्ये विंडोज एनटी आणि 2000 चा काही सोर्स फुटला. विंडोजसारखं सॉफ्टवेअर नव्याने लिहिणाऱ्या वाइन, रिअॅक्टओएस अशा प्रकल्पांना मायक्रोसॉफ्टचा सोर्स पाहिलेल्या माणसाचा कोड चालत नाही. तुमच्या कडक अटींखाली सोर्स वाचलेल्या पोराला उद्या दुसरीकडे तसंच काही लिहायचं असेल तर त्याची अडचण होऊ शकते. वाचून डोक्यात राहिलेल्या सर्वसाधारण ज्ञानावर आम्ही हक्क सांगणार नाही, ही ओळ मी प्रत्येक करारात घालायला लावते. मॅनेजर कुरकुरतात, तरी लावते.

बिल्ड न होणारा सोर्स देणे

बिल्ड म्हणजे सोर्सपासून यंत्रावर चालणारी इमेज बनवणं. कंपनीच्या सर्व्हरवरची हेडर फाइल, कुणाच्या तरी मशीनवरचा जुना कंपायलर (सोर्सची बायनरी करणारा प्रोग्राम), यात गाडी अडते. टीमबाहेरच्या ट्रेनीला नवीन मशीन द्या, कंपनीचं नेटवर्क काढा आणि फक्त रीडमी (सोर्ससोबतची सूचनांची फाइल) वाचून इमेज बनवायला सांगा. तो ज्या ज्या ठिकाणी प्रश्न विचारेल, तिथे रीडमी अपुरी आहे.

पॅच घेणे, पण हक्काचं न बोलणे

ग्राहकाने पाठवलेल्या पॅचवर (कोडमधल्या दुरुस्तीवर) हक्क ग्राहकाचा, किंवा बहुतेक वेळा त्याच्या मालकाचा. तो न विचारता कर्नलमध्ये टाकला की वर सांगितलेला फ्रीलान्सरचा गुंता तुम्ही स्वतः पुन्हा घातलात. लिनक्समध्ये 2004 पासून पॅच पाठवणारा 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ लिहून सांगतो की हे देण्याचा मला अधिकार आहे. निदान तेवढं तरी मागा. तुम्हाला तोच कोड बंद आवृत्तीतही विकायचा असेल तर वेगळा लेखी करार लागेल, आणि तो कशासाठी हवा ते पॅच पाठवणाऱ्याला तोंडावर सांगा.

उद्या बंद केलं तर काय, हे न लिहिणे

क्यूएनएक्स या ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीने 2007 मध्ये आपल्या सिस्टिमचा सोर्स बघायला खुला केला. 2010 मध्ये ब्लॅकबेरी फोन बनवणाऱ्या रिसर्च इन मोशनने कंपनी घेतली आणि सार्वजनिक प्रवेश बंद झाला. आयबीएमचे मेनफ्रेम (मोठे संगणक) वापरणाऱ्यांना सोर्स वाचायची, त्यात बदल करायची सवय होती. 1983 मध्ये आयबीएमने यापुढे फक्त ऑब्जेक्ट कोड (म्हणजे बायनरी) देण्याचं धोरण जाहीर केलं, आणि ग्राहकांनी वर्षानुवर्षं विरोध केला. सन विकत घेणाऱ्या ओरॅकलने 2010 मध्ये ओपनसोलारिस थांबवली तेव्हा मात्र कोड सीडीडीएल या खुल्या लायसन्सखाली बाहेर गेलेला होता, म्हणून त्याच वर्षी लोकांनी त्याच कोडवर इल्युमोस उभं केलं आणि बंद राहिलेले ते बायनरी तुकडे नव्याने लिहायला घेतले.

तुमच्या लायसन्समध्ये लिहा: प्रवेश बंद झाला तरी आधी दिलेल्या आवृत्तीवरचे हक्क ग्राहकाकडे राहतील, की राहणार नाहीत? राहणार नसतील तर तसं आत्ताच लिहा, म्हणजे तळोज्याचा प्लांटवाला तुमच्या कर्नलमध्ये स्वतःचे बदल करण्याआधी विचार करेल.