एका ए-फोर कागदात आठ पानी कॉमिक: राक्षसांच्या तावडीतून पोरगी कशी सोडवाल

ए-फोर कागद आडवा धरा. रुंदीत चार आणि उंचीत दोन भाग पडतील अशा घड्या घालून तो उलगडा. साधारण ७४ × १०५ मिमीचे आठ खण मिळतात. मधल्या आडव्या घडीवर फक्त मधले दोन खण सुटतील एवढा, सुमारे १४८ मिमी, काप द्या. काप त्यापुढे गेला तर कडेची पानं सुटी होतात. काप वर येईल असा कागद लांबीत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला आणि पानं एकमेकांवर दाबा.

उलगडलेल्या कागदावर पानांचे आकडे असे: खालच्या ओळीत डावीकडून ६, ७, ८, १ आणि वरच्या ओळीत ५, ४, ३, २. वरची चित्रं उलटी काढायची. सगळ्या चित्रांची डोकी मधल्या घडीकडे आली की समजा बरोबर आहे. सगळ्यात जास्त कागद इथेच वाया जातात.

पान १ मुखपृष्ठ, ८ मलपृष्ठ. गोष्टीला उरतात सहा. एवढ्यात तीनच सुपरहिरो मावतात. प्रत्येकाला एक ताकद आणि एक उणीव द्या. उदाहरणार्थ, धुळ्याची उडणारी ताई अंधारात चाचपडते. भुसावळच्या रेल्वे यार्डातला दादा लोखंड वाकवतो, पण त्याला पोहता येत नाही. चांगदेव गावचा काका पाणी बाजूला सारतो, पण त्यात दोन्ही हात अडकतात. आता राक्षसांचा पिंजरा तापी-पूर्णा संगमाच्या तळाशी ठेवा, म्हणजे तिघांशिवाय भागणारच नाही.

पान २ वर रावेरच्या केळीच्या बागेतून पोरगी पळवली जाते. पान ३ वर तिघं एकेकटे जातात आणि हरतात. हे पान बहुतेक जण गाळतात, मग पुढची एकजूट उगाचची वाटते. पान ४-५ कागदावर शेजारी येतात, म्हणून तिथे एकच मोठं चित्र काढा. फक्त चेहरा घडीवर नको. पोरगी गाठोड्यासारखी पडून राहू नये. तिने बॅटरीने इशारा द्यावा, त्या उजेडावर ताई तिला उचलेल. पान ६ वर राक्षसांचा पाठलाग, ७ वर घर.

राक्षसांना सातपुड्यातल्या पावरा-भिल आदिवासींचा पेहराव चढवू नका. ती आळशी आणि अपमानकारक युक्ती आहे. बोलीही नीट वाटा: धुळ्याची ताई अहिराणीत ‘काय करी राहिना रे?’ विचारेल, पण रावेरच्या लेवा समाजाच्या घरातली पोरगी त्यांच्या लेवा गणबोलीत बोलेल.

संवाद आधी लिहा, फुगा नंतर काढा. रफार, वेलांटी, उकार यांना वरखाली जागा लागते. आधी फुगा काढला की अक्षरं रेषेला चिकटतात. अक्षर ३ मिमीपेक्षा लहान नको. आधी बोलणारा डावीकडे उभा करा.

शाई काळीच वापरा, कारण झेरॉक्समध्ये पेन्सिलच्या छटा आणि निळं बॉलपेन फिकट येतं. बरीच यंत्रं कडेचे ४-५ मिमी छापत नाहीत, म्हणून मजकूर ७ मिमी आत ठेवा. आधी एकच प्रत काढून तिची घडी घाला आणि पानं उलटून बघा. क्रम चुकला असेल तर मूळ कागदावर नवीन चित्र चिकटवून पुन्हा झेरॉक्स काढा.