उसाला युरिया: किती, कधी आणि कुठं

माझं खताचं दुकान कागल तालुक्यात आहे आणि घरचा ऊसही आहे. युरिया कमी टाका म्हटलं की गिऱ्हाईक हसतं. "वहिनी, दुकान बंद करायचंय काय?" दुकान चालतंय, काळजी नको. पण निम्मा युरिया हवेत आणि ओढ्यात जात असेल, तर चौथं-पाचवं पोतं विकून मला तरी काय समाधान?

काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला: "एकरी किती पोती?" पोत्यात नत्र (नायट्रोजन) किती, हे विचारणारा विरळाच. युरियाच्या पोत्यात आता ४५ किलो माल असतो. नत्र ४६ टक्के, म्हणजे पोत्याला २० किलो ७०० ग्रॅम. डीएपीच्या (डायअमोनियम फॉस्फेट) ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि १०:२६:२६ या मिश्र खताच्या तेवढ्याच पोत्यात ५ किलो. हे तीन आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. डीएपी आणि मिश्र खतातलं नत्र हिशेबात धरलंच जात नाही, आणि वरनं युरियाची पोती पूर्ण पडतात.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस अशी आहे: आडसालीला (जुलै-ऑगस्टची लागण) हेक्टरी ४०० किलो नत्र, पूर्वहंगामीला (ऑक्टोबर-नोव्हेंबरची) ३४०, सुरूला (जानेवारी-फेब्रुवारीची) २५०. एकरासाठी अडीचनं भागलं की १६०, १३६ आणि १०० किलो. जात को ८६०३२ असेल तर पाव हिस्सा जादा. माती तपासून घेतली असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करायचं.

आता वाटणी. लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १०, आणि मोठ्या भरणीला, म्हणजे उसाच्या बुडाला माती चढवताना, राहिलेलं ४०. कोंब सुरुवातीला कांडीतल्या साठ्यावर जगतो, त्याला मुळं कितीशी असतात? तेव्हा लागणीलाच दोन पोती युरिया टाकणं म्हणजे पाहुणा यायच्या आधी ताट वाढून ठेवणं. फुटवे येताना आणि कांडी धरताना ऊस खरा खातो.

एक एकर सुरू लागणीचा हिशेब करून दाखवते. लागणीला डीएपीचं एक पोतं टाकलं की ९ किलो नत्र झालं, युरियाची गरजच नाही. सहा-आठ आठवड्यांनी युरियाची दोन पोती. बारा-सोळा आठवड्यांनी अर्धं. भरणीला १०:२६:२६ ची दोन पोती आणि युरियाचं दीड. झाले ना १०० किलो? युरिया सगळा मिळून चार पोती. पालाशसाठी लागणीलाच म्युरेट ऑफ पोटॅश ४० किलो टाकायचं.

किती टाकायचं याच्यावर पैजा लागतात. कुठं टाकायचं हे मात्र कुणी बोलत नाही, आणि खरी गळती तिथंच आहे. युरिया ओल्या मातीवर उघडा पडला की मातीतल्या युरिएज नावाच्या विकरामुळं त्याचा अमोनिया होतो आणि ऊन-वाऱ्याबरोबर उडून जातो. शिरोळ, हातकणंगलेकडच्या काळ्या, चुनखडीच्या रानात हे जास्त. पश्चिमेला शाहूवाडी, गगनबावड्याच्या तांबड्या मातीत नुकसान दुसऱ्या वाटेनं होतं: पावसात नत्र धुऊन खाली जातं.

दुसरी खोड म्हणजे युरिया सरीत फेकायचा आणि लगेच मोटार चालू करायची. पाण्याची पाळी चुकू नये म्हणून माणूस घाई करतो, मला कळतं. पण युरिया विरघळला की लगेच मातीला धरत नाही. त्याचा अमोनियम व्हायला काही दिवस लागतात, तोवर पाणी नेईल तिकडं तो जातो. पाटाच्या तोंडाला पोतं सोडणाऱ्यांचं तर विचारूच नका. सरीच्या तोंडाचा ऊस काळाभोर, शेपटाचा पिवळा.

म्हणून आधी पाणी द्या, वापसा येऊ द्या (माती ओलसर हवी, चिखल नको), मग बुडख्यापासून चार बोटं अंतरावर खत टाकून दोन-तीन इंच मातीआड करा. पहारीनं भोक पाडा नाहीतर कुदळीनं चर ओढा. पुढचं पाणी हलकं द्या. भरणीच्या वेळी पॉवर टिलर माती चढवतोच, तेव्हा फक्त खत आधी टाका आणि टिलर त्याच दिवशी फिरवा. मजूर मिळत नाहीत हे खरंय; पण फेकलेला युरिया पुन्हा विकत घ्यायलाही पैसे लागतातच. युरियात सहास एक या प्रमाणात निंबोळी पेंड मिसळून दिली तर नत्र हळूहळू सुटतं. चुना किंवा राख मात्र युरियात कधी मिसळू नका. ठिबक असेल तर दर आठवड्याला थोडं थोडं सोडा आणि शेवटी नुसत्या पाण्यानं नळ्या धुवा.

पावसाळी डोसाबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. जुलैत सरीत पाणी तुंबलंय, पंचगंगा आणि दूधगंगा फुगल्यात, अशा वेळी पोतं खांद्यावर घेऊन रानात जाऊ नका. तुंबलेल्या पाण्याखाली मातीत हवा नसते, आणि जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात. ऊस पिवळा दिसतो तो मुळं गुदमरल्यामुळं. आधी चर काढून पाणी बाहेर घालवा, वापसा येऊ द्या, मग बघू.

पिवळेपणातही फरक असतो. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता. शेंड्याची कोवळी पानं पिवळी-पांढरी आणि शिरा हिरव्या, म्हणजे आपण ज्याला केवडा म्हणतो तो, लोहामुळं. त्याच्यावर युरिया टाकून काही होत नाही. हिराकसाची (फेरस सल्फेट) फवारणी लागते. अशावेळी पानं तोडून दुकानात आणा. नुसतं "पिवळा पडलाय" सांगितलं की दुकानदारही अंदाजानं बाटली देतो.

गुऱ्हाळाला ऊस घालणाऱ्यांनी तर भरणीनंतर युरियाला हातच लावू नये. उशिरा दिलेल्या नत्रानं ऊस माजतो, लोळतो, रसातली साखर कमी होते, आणि गूळ मऊ पडतो, रंग येत नाही. मार्केट यार्डात दर रंगावर आणि कणीवर ठरतो.

खोडव्याचं (तोडीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाचं) पाचट, म्हणजे वाळका पाला, पेटवू नका. कुट्टी करून सरीत दाबा आणि त्यावर एकरी ५० किलो युरिया, ५० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका. हा युरिया चुकवलात तर पाचट कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. मग लोक म्हणतात, पाचटानं नुकसान झालं.

यातलं काही पटत नसेल तर रानाच्या मधल्या पाच सऱ्यांना युरिया एकरी एक पोतं या हिशेबानं कमी टाका, पण मातीआड करून. कडेच्या सऱ्या घेऊ नका, तिथं ऊन जास्त मिळतं. दोन्ही टोकांना खुंट्या मारून खूण करा. तोडीच्या दिवशी त्या सऱ्यांचा आणि शेजारच्या पाच सऱ्यांचा ऊस वेगळा वजन करून घ्या. टोळीच्या मुकादमाला हे आदल्या दिवशीच सांगा, नाहीतर ट्रॉलीत सगळा ऊस एक होतो.