डूलॉखची वाट कशी चालावी

आयर्लंडात राहात असाल तर मेयो काउंटीतली लुईसबर्ग ते डेल्फी ही डूलॉख तळ्याजवळून जाणारी वाट एकदा चालाच. अंतर साधारण १९ किलोमीटर, सगळा डांबरी रस्ता, ट्रेकिंगचा सराव लागत नाही. 'आफ्री' या न्याय-शांतीसाठी काम करणाऱ्या आयरिश संस्थेने १९८८ साली इथे दुष्काळात मेलेल्यांची स्मरणयात्रा सुरू केली, दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटूही इथे चालून गेलेत. यात्रा साधारण मे महिन्यात निघते. तारीख आधी बघून घ्या.

निघण्यापूर्वी सगळ्यांना गोष्ट सांगा. आयर्लंडात मोठा दुष्काळ होता. ३० मार्च १८४९ ला लुईसबर्गात शेकडो उपाशी माणसं तपासणीसाठी थांबली होती. तपासणी झाली तरच गरिबांना मिळणारी सरकारी मदत चालू राहणार. मदतखात्याचे दोन साहेब ती न करताच डेल्फी लॉज या बंगल्यावर मुक्कामाला गेले, आणि उद्या सकाळी सातला तिथे हजर व्हा असा हुकूम. माणसं रात्रीच थंडीत निघाली. वाटेत किती मेली यावर अजून एकमत नाही.

मग प्रत्येकाने आजचा एकच प्रश्न निवडायचा. जगातलं सगळं दुःख एका फलकावर लिहू नका. प्रश्न याच जातीचा हवा: भूक आहे, पण ती सिद्ध करायला चकरा मारायला लावतात. आमच्या गटात मी रेशन दुकानातला न जुळणारा अंगठा मांडते. माझी आजी बीडकडची, बहात्तरच्या दुष्काळात तिने खडी फोडली, मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाल्ला. तरी त्यातून 'मागेल त्याला काम' हा कायदा निघाला, हेही सांगते. नुसतं हळहळून काय उपयोग?

डूलॉख तळ्याजवळ दगडी क्रूस लागतो, त्यावर गांधींचं वाक्य कोरलंय. इथे थांबून बोला. अमेरिकेतल्या चोक्टॉ या मूळनिवासी लोकांचं नाव घ्यायला विसरू नका: त्यांना स्वतःच्या भूमीतून हाकलून पायी चालवलं होतं, त्याला जेमतेम सोळा वर्षं झाली होती, तरी १८४७ मध्ये त्यांनी आयरिश भुकेल्यांसाठी १७० डॉलर पाठवले.

काहीजण उपाशी चालायचा हट्ट धरतात. मला ते सोंग वाटतं. धपाटे, ठेचा, पाणी बरोबर घ्या. रेनकोट तर हवाच. वेस्टपोर्टपर्यंत रेल्वे आहे. डेल्फीहून परतीची गाडी मात्र आधीच ठरवा, नाहीतर तेवढंच अंतर उलटं चालावं लागेल.