जत्रेच्या नाटकाचे जुने चित्रीकरण आजच्या फोनवर आणि टीव्हीवर कसे आणावे

जत्रेच्या किंवा कालोत्सवाच्या रात्री गावच्या हौशी मंडळींनी उभे केलेले मराठी नाटक कोणी ना कोणी कॅमेऱ्यावर टिपून ठेवतोच, आणि अशा चित्रीकरणांच्या डीव्हीडी व मेमरी कार्डे फोंड्यापासून पेडण्यापर्यंत अनेक घरांच्या कपाटांत पडून आहेत. गोव्याच्या दमट पावसाळ्यात त्यांना बुरशी लागते, हे एक संकट. दुसरे असे की, जपून ठेवलेली फाइलसुद्धा फोनवर उघडत नाही किंवा टीव्हीवर चित्र दिसते पण आवाज येत नाही. या दुसऱ्या अडचणीसाठी पैसे मोजून सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही. व्हीएलसी, एविडेमक्स आणि हँडब्रेक ही तीन मोफत व मुक्त सॉफ्टवेअर पुरेशी आहेत.

सर्वप्रथम फाइलच्या आत काय आहे ते पाहावे. नावाच्या शेवटी येणारी एमटीएस, एमकेव्ही, एमपी४ ही अक्षरे केवळ वेष्टन सांगतात. आतले चित्र आणि आवाज कोणत्या कोडेकने (म्हणजे फाइल लहान करण्यासाठी चित्र-आवाज दाबण्याच्या पद्धतीने) दाबलेले आहेत, ही वेगळी बाब आहे. व्हीएलसीमध्ये फाइल चालू करून टूल्स मेन्यूतील ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडल्यास दोन्हींची नावे दिसतात. चित्र एच.२६४ (बहुतेक फोन-टीव्हींना चालणारा कोडेक) असेल, तर ते नव्याने दाबण्याच्या भानगडीत सहसा पडू नये, कारण प्रत्येक पुनर्रूपांतरात दर्जा थोडा घसरतो आणि गेलेला तपशील परत मिळत नाही.

हँडीकॅमच्या एमटीएस फाइलींची गोष्ट बहुधा अशीच असते. त्यांतील चित्र एच.२६४ असते, पण आवाज अनेकदा एसी-३ प्रकारचा असतो आणि तो पुष्कळ फोनना चालत नाही. अशा वेळी एविडेमक्समध्ये फाइल उघडून व्हिडिओ आउटपुट ‘कॉपी’ ठेवावे, ऑडिओ आउटपुट ‘एएसी’ करावे, आउटपुट फॉरमॅट ‘एमपी४ मक्सर’ निवडावा आणि फाइल जतन करावी. चित्र जसेच्या तसे राहते आणि तीन अंकी नाटकसुद्धा तुलनेने लवकर आटोपते. कॅमेऱ्याने प्रयोगाचे तुकडे पाडले असतील, तर फाइल मेन्यूतील ‘अपेंड’ने ते क्रमाने जोडता येतात; मात्र जोडाच्या जागी आवाज तुटत नाही ना, हे ऐकून घ्यावे.

डीव्हीडीचे चित्र मात्र एमपीईजी-२ असते, आणि तिथे हँडब्रेक वापरणे सोयीचे. ते त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावे आणि तिथे दिलेला चेकसम (फाइल अस्सल आहे का हे पडताळण्याचा अंक-अक्षरांचा संकेत) ताडून पाहावा. मे २०१७ मध्ये त्याच्या एका मिरर सर्व्हरवरील (उतरवण्यासाठी तीच फाइल ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवरील) मॅक आवृत्तीच्या जागी घातक प्रत ठेवली गेली होती, म्हणून ही खबरदारी अनाठायी नाही. घरी बनवलेली डीव्हीडी आधी संपूर्ण हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी, आणि हँडब्रेकला सुटी व्हीओबी फाइल न देता व्हिडिओ_टीएस हे संपूर्ण फोल्डर द्यावे. म्हणजे एक-एक जीबीचे तुकडे पडलेला प्रयोग एकाच शीर्षकाखाली सलग मिळतो.

यानंतर सर्वांत महत्त्वाचा भाग येतो तो इंटरलेसिंगचा. आपल्याकडील जुन्या कॅमेऱ्यांनी सेकंदाला २५ चौकटी टिपल्या, पण प्रत्येक चौकट दोन अर्ध्या भागांत, एकाआड एक ओळी घेऊन. म्हणून दशावतारी काल्यातील पात्र गिरकी घेते तेव्हा संगणकाच्या पडद्यावर हाताच्या आणि शेल्याच्या कडेला फणीच्या दात्यांसारख्या रेषा दिसतात. हँडब्रेकच्या फिल्टर्स विभागात इंटरलेस डिटेक्शन चालू ठेवून ‘डीकॉम्ब’ निवडल्यास या रेषा जातात. नृत्य किंवा फुगडी असेल, तर ‘बॉब’ हा पर्याय घेऊन फ्रेमरेट ५० ठेवल्यास हालचाल अधिक सलग दिसते. संवादप्रधान नाटकाला २५ पुरेसे आहेत. प्रीसेटमध्ये (हँडब्रेकच्या तयार सेटिंगमध्ये) ३० असा आकडा दिसला, तरी तो भारतीय चित्रीकरणासाठी मुद्दाम घेऊ नये.

दर्जासाठी ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ निवडावी आणि आरएफचा, म्हणजे दर्जा ठरवणारा, आकडा डीव्हीडीसाठी १८ ते २२ यांदरम्यान ठेवावा. आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. मंडपातील नाटकांची पंचाईत अशी की, काळ्या पडद्यावर आणि मंद उजेडात चित्रात दाणे येतात आणि ते दाणे जपण्यातच फाइल फुगते. त्यावर फिल्टर्समधील ‘डीनॉइज’ हलक्या प्रमाणात वापरता येतो. जोराने वापरल्यास पात्रांच्या चेहऱ्यावरची रंगभूषा मेण फासल्यासारखी सपाट होते. म्हणून पूर्ण काम लावण्यापूर्वी प्रीव्ह्यू घेऊन दिव्याखालचा एक आणि अंधारातला एक, असे दोन प्रसंग तपासावेत.

कोडेक एच.२६४ घ्यावा की कमी जागा घेणारा नवा एच.२६५, याविषयी माझे मत स्पष्ट आहे: नातेवाइकांच्या जुन्या टीव्हीवर चालवायचे असेल, तर जागा थोडी जास्त गेली तरी एच.२६४ आणि एमपी४ हीच जोडी बरी. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल त्यावर मावत नाही. अशा वेळी तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा, परंतु टीव्ही ते वाचतो की नाही हे आधी पाहावे, आणि वाचत नसेल तर अंकांप्रमाणे वेगळ्या फाइली कराव्यात. व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, कारण अन्यथा ते ॲप तो पुन्हा दाबते.

एकापेक्षा जास्त प्रयोग असतील तर ‘ॲड टू क्यू’ने ते रांगेत लावून रात्रभर चालू ठेवता येतात, पावसाळ्यात वीज जाण्याचा भरवसा नसल्याने डेस्कटॉपला यूपीएस असलेला बरा. तयार झालेली फाइल सुरुवातीला, मध्यंतराच्या आसपास आणि भरतवाक्यापाशी उघडून ओठ व आवाज जुळतात का, हे पाहावे आणि मूळ प्रत वेगळ्या डिस्कवर तशीच ठेवावी.